डबा घेऊन थांबलेला माणूस : सोलापुरातल्या एका लघुपटाचं प्रकरण

हे प्रकरण एका अडतीस मिनिटांच्या लघुपटाचं आहे. मी त्याची संकलक होते. माणसांची नावं दिलेली नाहीत. पेठा, वयं आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत, लघुपटाचं नावही टाळलं आहे. सोलापूर मात्र सोलापूरच ठेवलंय, कारण ही गोष्ट दुसऱ्या गावात अशी घडली नसती.

पार्श्वभूमी

आम्ही सहा जण होतो. दिग्दर्शक सव्वीस वर्षांचा. ध्वनिमुद्रण करणारा पंढरपूर तालुक्यातल्या माळकरी घरातला. कॅमेरा एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा, तोही लग्नसराई नसेल तेव्हाच मिळणार. पैसे वर्गणीचे.

गोष्ट अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात घडते. तिशीतला एक जॉबर, म्हणजे लूम बिघडलं की दुरुस्त करणारा. कारखान्यात त्याचा दरारा असतो. त्याच्या हाताखाली मंगळवेढ्याकडचा एक पोरगा कामाला लागतो. रात्रपाळी, चहा, लूमच्या आवाजात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलणं. एवढ्यातूनच दोघांचं जमत जातं. पुढं पोराचं गावाकडं लग्न ठरतं. 'दोन दिवसांत येतो' म्हणून तो जातो, आणि जॉबर रोज संध्याकाळी डबा घेऊन मंगळवेढा रस्त्यावरच्या विनंती थांब्यावर जाऊन बसतो. प्रेम हा शब्द अख्ख्या पटकथेत एकदाही नव्हता.

दिग्दर्शकानं 'ब्रोकबॅक माउंटन' कितीदा बघितला होता त्याला हिशेब नाही. त्यातले दोघे १९६३ सालच्या वायोमिंगमध्ये मेंढ्या राखतात, आणि सापडलो तर जिवावर बेतेल हे त्यांना ठाऊक असतं. आमचा दिग्दर्शक म्हणायचा, आपल्याकडं उलटं आहे. आपल्याकडं दोन गडी हातात हात घालून नव्या पेठेतून फिरले तरी कुणी वळून बघत नाही, कारण त्यात काही असू शकतं हेच कुणाच्या मनात येत नाही. त्याला तेच दाखवायचं होतं.

म्हणून आमच्या मते पटकथेतला 'धोक्याचा' प्रसंग एकच होता, गच्चीवरचा. मे महिन्याची रात्र. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. घरात पंखा गरम वारा टाकतो आणि सगळी गल्ली गच्चीवर झोपते. पहाटे गार सुटतं तेव्हा दोघं एकाच चादरीत असतात. या एका प्रसंगावर आम्ही तीन बैठका घातल्या. हात कुठं असावा, चादर कुठपर्यंत, कॅमेरा किती लांब.

थांब्यावरच्या प्रसंगावर एकही बैठक झाली नाही. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी एकाच टेकमध्ये तो झाला. एक मिनिट पन्नास सेकंद. जॉबर बाकावर बसलाय, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. एसटी येते, थांबत नाही. तो डब्यावर हात ठेवून ऊब आहे का बघतो. शेवटची गाडी लांबून दिसते तेव्हा उठतो, शर्ट खाली ओढतो, मिशीवरून बोट फिरवतो. गाडी निघून जाते. बस, एवढंच.

जॉबरचं काम करणारा नट अठ्ठावीस वर्षांचा, तालमीत वाढलेला. वडील एकेकाळचे पैलवान. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. आई विड्या वळते. मुलगा कॉलेजात असताना एकांकिकांत चमकला होता. पटकथा वाचून त्यानं एकच प्रश्न विचारला होता, "ह्यात मी कुणाला मारतो का?" नाही म्हटल्यावर जरा हिरमुसला, मग हो म्हणाला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दिग्दर्शकाला ही कथा कुठून सुचली हे फक्त मला ठाऊक होतं. नटाला नव्हतं. त्याला सांगावं की नाही यावर आम्ही एकदा बोललो आणि 'गरज काय' म्हणून विषय सोडून दिला. प्रकरणातला पहिला निर्णय तोच होता. त्या वेळी तो निर्णय आहे असं वाटलंसुद्धा नाही.

अडचण

२०२३च्या गणपतीआधीचे दिवस. तालमीत लेझमाचा सराव चालू होता. सोलापुरात लेझीम नुसती नाचायची नसते, मिरवायची असते. पुढच्या ओळीत कोण, यावर भांडणं होतात. आमचा नट पुढच्या ओळीत असायचा.

आमच्यातल्याच एका मदतनीसानं हौसेनं तीस सेकंदांची क्लिप स्टेटसला लावली. कुणी ती उतरवून घेतली आणि ती तालमीच्या ग्रुपवर गेली. क्लिपमध्ये दोन्ही प्रसंगांचे तुकडे होते, बारा सेकंद गच्ची, अठरा सेकंद थांबा. क्लिप बाहेर गेली असं कळलं तेव्हा आम्ही गच्चीच्या भीतीनं गारठलो.

गच्चीबद्दल कुणी काही बोललंच नाही. "आमच्यात एका चादरीत चौघं झोपतात," असं एकानं लिहिलं होतं, तेही चादर कुठल्या कारखान्याची असावी यावर चर्चा चालली होती म्हणून. बोलले ते डब्यावर. 'वहिनी डबा घेऊन आल्या.' 'मालक आले नाहीत अजून?' हसण्याच्या चित्रांची रांग. दोन दिवसांनी त्याला सांगण्यात आलं की यंदा मागच्या ओळीत उभा राहा. त्याच आठवड्यात अक्कलकोटकडच्या एका स्थळाकडून येणारा फोन आला नाही. क्लिपमुळं की पत्रिकेमुळं, ते आजवर कळलेलं नाही.

मग नटाच्या वडिलांचा दिग्दर्शकाला फोन आला. शिवीगाळ नव्हती. "घरी या," एवढंच.

घरी काय बोलणं झालं

दिग्दर्शकासोबत मी गेले. बाई सोबत असली की आवाज चढत नाहीत, असा आमचा हिशेब. तो खरा ठरला, पण त्यामुळं अप्पा अर्धंच बोलले, हेही खरं.

चहा झाला. अप्पांनी मोबाइल पुढं केला. आम्ही गच्चीच्या प्रसंगाचं समर्थन पाठ करून गेलो होतो. दिग्दर्शकानं सुरुवातही केली. अप्पा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे हो. झोपलेत तर झोपलेत. हे काय हाय? हे बाईसारखं डबा घिऊन वाट बघलालाय, हे काय हाय?"

मी म्हटलं, अप्पा, हे काम आहे, नाटकासारखं.

"मला कळतंय की. 'नटरंग' मी दोनदा बघितलाय. अतुल कुलकर्णी आपल्या सोलापुरातच शिकलेला. त्यातला बी पैलवान गडीच, नाच्या झाला. पर ते सोंग हाय, ताई. कलेसाठी. माझं पोरगं हितं शर्ट-पँटीत हाय, मिशा हायत, आन्..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

परतीच्या वाटेवर दिग्दर्शक चिडला होता. मी मात्र त्या अर्ध्या वाक्याशीच अडकले होते. अप्पांनी नकळत नेमकं बोट ठेवलं होतं. आपल्या रंगभूमीनं लुगडं नेसलेला पुरुष डोक्यावर घेतला. बालगंधर्वांच्या रूपावर महाराष्ट्र भाळला, तमाशातला नाच्या चालला, जोगत्यापुढं लोक हात जोडतात. कारण तिथं वेश बदलला की मनही बदललं असं धरून चालता येतं. आमच्या ध्वनिमुद्रकानं तर ज्ञानेश्वरांच्या विराण्या काढल्या. "माउलींनासुद्धा देवाची वाट बघायची तर विरहिणीच्या तोंडून बोलावं लागलं," तो म्हणाला. गंमतीत म्हणाला, पण कुणी हसलं नाही. वेश न बदलता, मिशीसकट, एका पुरुषानं दुसऱ्यासाठी ऊन-ऊन भाकरी बांधून थांबणं, याला आपल्याकडं जागाच नव्हती. शरीराची जवळीक खपते. ताटकळणं खपत नाही.

अप्पांनी एक मागणी केली होती. सुरुवातीला पाटी टाका की कलाकाराचा खऱ्या आयुष्यात अशा गोष्टींशी संबंध नाही. आणि मुलाला त्यांनी आमच्यासमोरच विचारलं, "हे नुसतं नाटकच हाय ना?" तो म्हणाला, "नाटकच हाय, अप्पा." माझ्या शेजारी दिग्दर्शक बसला होता. त्यानं कप खाली ठेवला. तो आवाज मला अजून आठवतो.

पर्याय

पुढचे तीन आठवडे आम्ही भांडलो. थांब्याचा प्रसंग काढून टाकणं सर्वांत सोपं होतं. मला एक दुपार पुरली असती. पण तो काढला की उरतं काय? दोन मित्र, एकाचं लग्न होतं, दुसरा हिरमुसतो. असं मराठीत हजारदा झालंय.

दुसरा नट घेऊन पुन्हा शूटिंग करायचं तर कारखान्याचं भाडं आणि किमान चार रात्री. पैसे नव्हते. शिवाय दुसऱ्याच्या घरी अप्पा नसतील कशावरून?

बाहेरच्या महोत्सवांना पाठवायचं आणि सोलापुरात कधीच दाखवायचं नाही, हा दिग्दर्शकाचा पर्याय. तो मला भेकडपणाचा वाटला आणि मी तसं बोलले. ते चुकीचं होतं, कारण त्याला या शहरात राहायचं होतं आणि त्याच्या घरी काहीच ठाऊक नव्हतं. भेकडपणाचा आरोप करायला माझं काय जात होतं?

नटाचं लग्न होईपर्यंत लघुपट पेटीत ठेवणं हा चौथा पर्याय. यावर नट स्वतःच उखडला. "मग लग्नानंतर तिला काय सांगू, लपवलं होतं म्हणून?"

पाटीबद्दल सगळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागला. 'सर्व पात्रे काल्पनिक' ही नेहमीची ओळ होतीच. खुनी दाखवला तर नटाचा खुनाशी संबंध नाही अशी पाटी कुणी टाकत नाही. वेगळी पाटी टाकणं म्हणजे हे खुनाहून वाईट आहे असं आपणच म्हणणं. पण नाही म्हणताना दिग्दर्शकाला आपलं कारण सांगता येत नव्हतं, आणि नटाला वाटत होतं की आपल्या अब्रूपेक्षा यांना तत्त्व मोठं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. एकाला दुसऱ्याची अर्धीच बाजू माहीत होती.

यातच १७ ऑक्टोबर आला. सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. संध्याकाळी अप्पांचा निरोप आला, "कोर्टानं बी नको म्हटलंय." आम्ही फोन करून सांगितलं की नकार लग्नाच्या नोंदणीला आहे, दोन प्रौढांचं राजीखुशीचं नातं ६ सप्टेंबर २०१८ला त्याच न्यायालयानं गुन्ह्यातून बाहेर काढलं, ते तसंच आहे, आणि असं नातं पडद्यावर दाखवणं हा ते नातं गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा विषय कधीच नव्हता. अप्पा ऐकून म्हणाले, "मी कुठं पोलिसांत चाललोय? मी तालमीचं बोललालो." खरंच होतं. आम्ही कायद्याची ढाल घेऊन उभे होतो आणि वार तिकडून येतच नव्हता.

काय केलं

शेवटी ठरलं ते असं. दिवाळी होऊ द्यायची. मग अख्खा लघुपट आधी नटाच्या घरच्यांना दाखवायचा, आणि ते म्हणतील त्या एका माणसालाही. अप्पांनी वस्तादांना बोलावलं. मला धास्ती वाटली. नट म्हणाला, वस्ताद गप्प बसले तर गल्ली गप्प बसते.

दाखवायच्या आदल्या रात्री मी एक गोष्ट केली, कुणालाही न विचारता. थांब्याच्या प्रसंगातले बावीस सेकंद कापले. शेवटची गाडी, उठणं, शर्ट ओढणं, मिशीवरून बोट. मनाशी म्हटलं, गतीसाठी कापतेय. गतीचा काही संबंध नव्हता. तेवढं बाजूला ठेवलं की जॉबर दमून बसलेला कामगारही वाटू शकतो, हे मला कळत होतं.

एका मित्राच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, भिंतीला पांढरं कापड लावून, नऊ माणसांसमोर तो दाखवला. शेंगाचटणी, कडक भाकरी, दही, सगळ्यांना घरून आणलेलं. कुणाच्या हाताला काहीतरी असावं म्हणून. गच्चीचा प्रसंग आला आणि गेला. वस्ताद भाकरी मोडत होते. थांब्याचा आला तेव्हा खोलीत आवाज थांबला.

संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वस्ताद अप्पांना म्हणाले, "मैदानात जोड नाही आली तर आपण काय करायचो? लंगोट लावून बसायचोच की. जोड येईपर्यंत मैदान सोडायचं नाही. हा बी तेच करलालाय."

कुस्तीतली जोड म्हणजे समोरचा, बरोबरीचा मल्ल. अप्पांनी मान हलवली. खोलीतला ताण उतरला. आणि मला एकाच वेळी हायसं वाटलं आणि काहीतरी हातचं निसटल्यासारखंही वाटलं. वस्तादांनी त्या थांबण्याला पुरुषाचं करून दिलं होतं. मोठ्या मनानंच. पण त्यात डबा राहून गेला. मैदानात जोडीसाठी कुणी भाकरी नेत नाही. दिग्दर्शक मात्र नंतर म्हणाला की त्याला जोड हा शब्द पटकथेत हवा होता, आधी सुचला असता तर लिहिला असता. कुणाचं बरोबर, मला ठरवता आलेलं नाही.

आईंकडं तोवर कुणाचं लक्ष नव्हतं. निघताना जिन्यात त्या मला म्हणाल्या, "ताई, शेवटची गाडी आलीच नाही का?"

मी विचारलं, म्हणजे?

"नाही, माणूस शेवटच्या गाडीला उठतंय. बसून ऱ्हात नाही. मी ह्यांच्यासाठी गिरणीच्या दारात थांबायची तेव्हा भोंगा झाला की उठायची." मग जरा थांबून म्हणाल्या, "डबा गार झाला असंल."

मी कापलेले बावीस सेकंद त्यांनी न बघता ओळखले होते.

परिणाम

सार्वजनिक कार्यक्रमासाठी आम्ही शहरातल्या एका सभागृहाकडं गेलो, तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र मागितलं. ते रास्त होतं. १९५२च्या कायद्यानं सार्वजनिक प्रदर्शनाला ते लागतंच. आम्ही अर्ज केला नव्हता, कारण तोपर्यंत लघुपटाचं काय करायचं हेच ठरलं नव्हतं. फेब्रुवारी २०२४मध्ये ओळखीच्या साठेक जणांना बोलावून एक बंद खेळ केला. तालमीतली चार पोरं आली होती. मागं उभी राहिली, शेवटपर्यंत थांबली, न बोलता गेली.

श्रेयनामावलीत नटाचं फक्त पहिलं नाव आहे, आडनाव नाही. पाटी टाकली नाही. ही तडजोड त्यानं स्वतः सुचवली.

पुढच्या वर्षी गणपतीत तो लेझमाला गेला नाही. कुणी अडवलं नव्हतं, पुढच्या ओळीत बोलावलंही होतं. "गुडघा दुखलालाय," म्हणाला. गुडघा दुखत नव्हता.

दिग्दर्शकानं त्याला आपलं खरं काय ते बंद खेळानंतर सांगितलं. नटाचं पहिलं वाक्य होतं, "मग त्या दिवशी मी घरी नाटकच हाय म्हटलं, तेव्हा तू का गप्प बसलास बे?" दोघं दोन महिने बोलले नाहीत. आता बोलतात. २०२५च्या सुरुवातीला रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. गावाकडं बापाच्या सुतकातले दिवस आणि दोन पुरुषांमधला जिव्हाळा, असा त्याचा विषय. ती बातमी आमच्या सहा जणांच्या ग्रुपवर पहिल्यांदा नटानं टाकली. खाली एक शब्द लिहिला नाही.

आज करायचं झालं तर

नटाची संमती आम्ही पटकथेवर घेतली होती, क्लिपवर नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडतीस मिनिटांत त्या थांबण्याला मागचापुढचा संदर्भ होता. अठरा सेकंदांत फक्त मिशीवाला माणूस आणि डबा होता. कुठला तुकडा, कुठं, कधी बाहेर जाणार, हे आज मी प्रत्येक नटाकडून लिहून घेते. लग्नाचं बोलणं चालू आहे का, असाही प्रश्न विचारते. तो खाजगी आहे हे कळतं. तरी विचारते.

घरी जायला हवं होतं ते शूटिंगच्या आधी, बोलावणं आल्यावर नव्हे. आधी गेलो असतो तर अप्पांनी कदाचित नकार दिला असता आणि लघुपट झालाच नसता, ही शक्यताही मी पुसून टाकत नाही. पण नकार त्यांच्या हातात राहिला असता.

दिग्दर्शकानं स्वतःबद्दल सांगायलाच हवं होतं असं मी म्हणणार नाही. ते त्याचं आहे. पण मला ठाऊक होतं आणि नटाला नव्हतं, ही असमानता घेऊन मी दोघांमध्ये मध्यस्थी करत होते. ती मी करायला नको होती. ध्वनिमुद्रकाला पाठवलं असतं तरी चाललं असतं.

आणि धोका कुठं आहे हे ठरवताना आम्ही आमच्यासारख्याच लोकांना विचारलं. सिनेमे बघून बघून आम्हाला वाटत होतं की आक्षेप अंथरुणावर येतो. पटकथा एकदा आईंना वाचून दाखवली असती, विड्या वळता वळता त्यांनी ऐकली असती, तर डब्याजवळ त्या थांबल्या असत्या.

बावीस सेकंद मी दुसऱ्या दिवशी परत जोडले. बंद खेळात जो दाखवला त्यात शेवटची गाडी आहे, उठणं आहे, मिशीवरून फिरणारं बोट आहे. त्या दिवशी अप्पा आले नव्हते, पाळी होती. आई आल्या होत्या, दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. गाडी लांबून दिसली तेव्हा त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून खांद्याला लावली, आपल्यालाच उठायचंय तशी.